गुजरीत मोडीत आलेलं जुनं मिलिटरी मेडल घेतलंय, मूळ कुणाचं ते कसं शोधायचं?

भावा, आधी एक सांगतो, ब्रासो-बिसो अजिबात लावू नकोस. नाव पुढं-मागं नसतंय, कडेवर असतंय. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसरीकडं घोड्यावर बसलेला उघडा माणूस आणि 1914-1918 असेल तर ते ब्रिटिश वॉर मेडल, म्हणजे पहिल्या महायुद्धाचं, बहुतेक चांदीचं. उजेडात तिरकं धरून कड फिरव, बारीक इंग्रजी अक्षरात नंबर, हुद्दा, नाव, पलटण दिसेल, मोबाईलनं झूम करून फोटो काढ. त्यात 'MAHRATTA' (मराठाचं जुनं इंग्रजी स्पेलिंग) आणि 103, 105, 110, 114, 116, 117 यातला आकडा असेल तर ती आपली मराठा पलटण, आता सेंटर बेळगावला. नुसत्या नावावर जाऊ नकोस, एका नावाचे ढीगभर शिपाई होते, आणि नंबरही पलटणीपुरताच, म्हणून दोन्ही जुळवून बघ. लढाईत गेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या (महायुद्धात गेलेल्या सैनिकांची नोंद ठेवणारी संस्था) साइटवर फुकट शोधता येतंय, कधीकधी बापाचं नाव, गावही मिळतं, फक्त स्पेलिंग चार तऱ्हेनं टाकून बघ, साहेबांनी कानाला येईल तसं लिहिलंय. जिवंत परतला असेल तर मात्र अवघड. मग बेळगावला पत्र टाक, नाहीतर गाव कळलं तर सरळ जाऊन म्हाताऱ्यांना विचार. सैनिक टाकळीसारख्या गावात घरटी फौजी, आडनाव सांगितलं की गल्ली दाखवतील.