डॉक्टर, डोळ्यांच्या आजारांचा कोर्स निवडताय? मग हे बघा
क्रेडिट पॉइंट (कोर्स केल्याबद्दल डॉक्टरांना मिळणारे गुण) किती मिळतात ते शेवटी बघा. आधी विचारा, हातात टॉर्च आणि ऑप्थॅल्मोस्कोप (डोळ्याच्या आतलं बघायचं उपकरण) देणार का? नुसत्या स्लाइड बघून आरएपीडी (एका डोळ्याची नस नीट काम करत नसल्याची बाहुलीतली खूण) ओळखता येत नाही. अंधाऱ्या खोलीत टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेली की उजेड पडूनही बाहुली मोठी होते, ते स्वतः पाहावं लागतं.

सगळ्यात जास्त वेळ लाल डोळ्याला द्या. फ्लुओरेसिन (डोळ्यात टाकायचा चमकणारा रंग) टाकून निळ्या उजेडात कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) पाहिल्याशिवाय स्टेरॉइडचे थेंब लिहून देऊ नका. हर्पीस विषाणूचा फांद्या फुटल्यासारखा व्रण असेल तर तो स्टेरॉइडने पसरतो, नजरही जाऊ शकते.

पेशंट रेफर केलात की नेत्रतज्ज्ञांचं निदान आवर्जून मागवा आणि आपल्या नोंदीशी ताडून बघा. माझ्या मते एवढं कुठलाच वेबिनार शिकवत नाही.