फेंडर ट्वीड डिलक्सच्या डिजिटल मॉडेलमधून चांगला आवाज कसा काढायचा?

तुम्ही लिहिलंय की मॉडेलरमध्ये (गिटार ॲम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणाऱ्या यंत्रात) फेंडरचा जुना ॲम्प ट्वीड डिलक्स निवडला, सगळे नॉब मध्यावर ठेवले, हंबकरची (जोरकस, जाड आवाजाच्या दुहेरी कॉइलच्या पिकअपची) गिटार जोडली आणि जाड तारा नुसत्या भदभदायला लागल्या. टोन वाढवला तर कानाला टोचतं, कमी केला तर गोधडीखालून वाजल्यासारखं वाटतं. मॉडेलच खराब असावं, असा तुमचा कयास आहे. मला तसं वाटत नाही. खरा ॲम्प समोर असता आणि नॉब त्याच जागी असते, तर तोही बराचसा असाच वाजला असता.

या ॲम्पच्या पोटात काय आहे ते आधी बघा. १९५५ ते १९६० च्या दरम्यानचं हे सर्किट ५ई३ नावाने ओळखलं जातं. दोन ६व्ही६ पॉवर ट्यूब, एक १२ इंची स्पीकर, आणि ताकद जेमतेम १२ ते १५ वॅट. बास, मिडल, ट्रेबल असे वेगळे नॉब नाहीतच. दोन चॅनेलचे दोन व्हॉल्यूम आणि दोघांत मिळून एक टोन. पुढच्या काळातल्या बऱ्याच फेंडर ॲम्पमध्ये निगेटिव्ह फीडबॅक असतो, त्यामुळे आवाज ताठ आणि स्वच्छ राहतो. इथे तो नाही, म्हणून आवाज लवकर आणि हळूहळू फाटत जातो. शिवाय ट्यूबच्या टप्प्यांमधले कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचे आहेत, म्हणजे खालच्या सुरांना वाटेत अडवणारं कोणी नाही. जाड ई तारेचा ८२ हर्ट्झचा सूर हंबकरमधून जोरात येतो आणि तसाच शेवटच्या टप्प्यावर आदळतो. तिथे ६व्ही६ आणि त्यांना वीज पुरवणारा ५वाय३ रेक्टिफायर दोघंही दमतात. तुम्हाला ऐकू येणारी भदभद ती हीच. व्हॉल्यूम ४-५ च्या पुढे नेल्यावर आवाज फारसा मोठा होत नाही, फक्त जास्त फाटतो आणि दबतो. नॉबवरचे आकडे १२ पर्यंत आहेत, पण निम्म्याहून जास्त प्रवास हा असाच आहे.

हे सगळं वाचलेलं असूनही मला उमगलं नव्हतं. पुण्यातल्या एका मित्राने या सर्किटची प्रत घरी सोल्डरिंग करून बनवली होती. तो वाजवत होता आणि मी ॲम्पकडे डोळे लावून बसलो होतो, कोणता नॉब कुठे आहे ते टिपून घ्यायला. तासाभरात त्याने ॲम्पला एकदाही हात लावला नाही. करंगळी मात्र सतत गिटारच्या व्हॉल्यूमवर. कॉर्ड वाजवताना ५-६, सोलोला १०, हळू तुकड्यांना ३-४. मी मॉडेलरवर तिन्ही आवाजांसाठी तीन वेगळे प्रीसेट करून ठेवले होते, आणि तिन्ही मला आवडत नव्हते.

तेव्हा पहिलं काम हे करा: मॉडेलमध्ये व्हॉल्यूम ६-७, टोन ६ च्या आसपास, आणि गिटारचा व्हॉल्यूम ५ वर आणून वाजवा. मग अगदी तसूतसूने वाढवत न्या. एका जागी हळू छेडलं तर तार स्वच्छ बोलते आणि जोरात छेडलं तर कडेने फाटते. तंबोऱ्याचा दोरा केसभर सरकवल्यावर जवारी लागते ना, तशी ही जागा अरुंद असते आणि सापडली की कानाला लगेच कळते. रॉक गायक-गिटारवादक नील यंगने तर आपल्या १९५९ च्या ट्वीड डिलक्ससाठी ॲम्पचे नॉब ठरलेल्या जागांवर फिरवणारं एक यंत्रच करून घेतलं, नेमक्या जागेचं महत्त्व एवढं आहे.

दुसरं काम खालच्या सुरांचं, आणि ते ॲम्पच्या आधी करायचं. बहुतेक जण ॲम्पनंतर इक्यू (खालचे-वरचे सूर कमीजास्त करणारा इक्वलायझर) लावून बास कापतात. तोवर उशीर झालेला असतो, कारण फाटायचं ते आत फाटून गेलेलं असतं. साखळीत ॲम्पच्या अलीकडे लो-कट (ठरावीक हर्ट्झखालचे सूर कापणारा फिल्टर) ठेवा, १०० पासून सुरू करून १५० हर्ट्झपर्यंत नेऊन बघा. ट्यूब स्क्रीमर या ओव्हरड्राइव्ह पेडलचं मॉडेल असेल तर ड्राइव्ह शून्यावर आणि लेव्हल वर ठेवून तेही चालेल. ते खालचे सूर आपोआप आवरतं आणि मधले पुढे आणतं. तुमच्या हंबकरसाठी मी आधी साधा लो-कट सुचवेन, त्यात ॲम्पचा स्वभाव जास्त शिल्लक राहतो.

इनपुटची पातळीही तपासा. इंटरफेसवर (गिटार कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीवर) इन्स्ट्रुमेंटचं बटण चालू हवं आणि गेन अगदी कमी. लाल दिवा लागत नाही म्हणून गेन चढवत नेला, तर मॉडेलला वाटतं की तुमचे पिकअप आहेत त्याच्या दुप्पट जोराचे आहेत.

या ॲम्पची एक गंमत चांगल्या मॉडेलांत उतरलेली असते: ज्या चॅनेलमध्ये काहीच जोडलेलं नाही त्याचा व्हॉल्यूम फिरवला तरी तुमचा आवाज बदलतो, कारण दोन्ही व्हॉल्यूम एकमेकांवर भार टाकतात. टोनच्या नॉबने जे साधत नाही ते कधीकधी इथे साधतं. मात्र तुम्ही मॉडेलऐवजी न्यूरल कॅप्चर (खऱ्या ॲम्पचा आवाज ऐकून सॉफ्टवेअरने शिकलेली नक्कल) वापरत असाल तर हे सहसा मिळणार नाही. साधं कॅप्चर म्हणजे नॉबच्या एकाच स्थितीचा फोटो, त्यामुळे वेगवेगळ्या व्हॉल्यूमवर घेतलेली दोन-तीन कॅप्चर जवळ ठेवा.

कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी, मागून उघडं, एकाच १२ इंची स्पीकरचं, जेन्सन पी१२आर किंवा त्या जातीचं घ्या. चार १२ इंची स्पीकरचं बंद ४×१२ कॅबिनेट लावलं तर बास पुन्हा दाराशी उभा. माइक एसएम५७ असेल तर मध्यावरून थोडा कडेला सरकवा, टोचणं तिथेच कमी होईल.

आणि रात्री हेडफोनवर हळू आवाजात ठरवलेला टोन दुसऱ्या दिवशी स्पीकरवर मोठ्याने ऐकल्याशिवाय पक्का करू नका. हळू आवाजात आपल्या कानाला बास आणि ट्रेबल कमी जाणवतात, म्हणून आपण ते नकळत वाढवून ठेवतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना रोज मोठ्याने वाजवणं जमत नाही, मलाही नाही, पण दुपारी दहा मिनिटं पुरतात. हेडफोनवर कोरडं वाटत असेल तर खोलीचा अगदी थोडा रिव्हर्ब ॲम्पनंतर द्या. मूळ ॲम्पमध्ये रिव्हर्ब नव्हता, पण तो ऐकणारा माणूस खोलीत उभा असायचा.

एवढं करूनही जाड तारा भदभदल्या तर तुमचा इंटरफेस कोणता आणि गिटारचे पिकअप कोणते ते इथेच खाली लिहा, मी माझ्याकडे तशीच जुळणी करून बघतो.