मिसिसिपीतून उपसलेला गाळ दलदलीत का टाकत नाहीत? जरा सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न असा की अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीतून दरवर्षी डोंगरभर गाळ काढतात आणि शेजारीच लुइझियाना राज्याची दलदल बुडत चाललीय, मग तोच गाळ उचलून तिथे का टाकत नाहीत. प्रश्न रास्त आहे. मी बरीच वर्षं ड्रेजिंगच्या, म्हणजे तळातला गाळ उपसायच्या लाइनमध्ये आहे, हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी हे बघा की नदीत गाळच पूर्वीइतका येत नाही. 1900 च्या आधी वर्षाला साधारण 40 कोटी टन यायचा, आता 15 कोटींच्या आसपास, कारण मिसुरी या तिच्या उपनदीवर मोठमोठी धरणं झाली आणि काठ बांधून काढले. शिवाय दोन्ही बाजूंना पूररोधक बांध, म्हणजे जो येतो तोही पसरत नाही, सरळ मेक्सिकोच्या आखातात जातो. 1932 पासून लुइझियानाच्या किनाऱ्याची जवळपास 4800 चौ. किमी जमीन गेलीय, अख्खा गोवा त्यात बसेल आणि वर जागा उरेल. म्हणून उपशाच्या गाळावर सगळ्यांचा डोळा आहे.

पहिला हक्क जहाजांचा. मुखाजवळच्या साउथवेस्ट पास या फाट्यात चॅनल, म्हणजे जहाजांचा मार्ग, 50 फूट खोल ठेवायचा असतो आणि पूर ओसरला की तो झपाट्याने भरतो. तिथे हॉपर ड्रेजर चालतात, म्हणजे जहाजच, खाली लोंबणाऱ्या पाइपने तळ ओढत जातं, पोटातला हौद भरला की हेड ऑफ पासेसजवळ (जिथे नदीचे फाटे फुटतात) ठरलेल्या जागी तळाचे दरवाजे उघडून रिकामं होतं आणि लगेच परत. तोच गाळ दलदलीपर्यंत पंप करायचा तर तेवढा वेळ ड्रेजर चॅनलमधून बाहेर, आणि इकडे जहाजं खोळंबतात. काही वेळा त्या साठलेल्या गाळावर नंतर कटर ड्रेजर (तळ कापून गाळ पाइपने ढकलणारा) लावून तो पाइपने आजूबाजूच्या दलदलीत सोडतात, त्यातून चांगली जमीन झालीय. पण ती अगदी नदीच्या शेपटाला. नदीच्या पश्चिमेकडच्या बाराटारिया खोऱ्यात जिथे गावांच्या पुढ्यातली जमीन जातेय ती जागा पाऊणशे-शंभर किलोमीटर वर, आणि गाळ फुकट असला तरी वाहतूक फुकट नाही.

इथेच खरी गोम आहे. नदीचा हा उपसा सांभाळणाऱ्या आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स या सरकारी संस्थेला (पुढे नुसतं कोअर) एक नियम लागू आहे, त्याला फेडरल स्टँडर्ड म्हणतात. पर्यावरणाचे नियम पाळून, इंजिनिअरिंगच्या दृष्टीने योग्य असा जो सगळ्यात स्वस्त पर्याय असेल तोच घ्यायचा, त्याहून महागडी जागा हवी असेल तर वरचा फरक साधारणपणे राज्याने किंवा दुसऱ्या कुणी तरी भरायचा. त्या हिशोबात बुडालेल्या जमिनीची किंमत नीट धरलीच जात नाही, आणि मला हे मनापासून चुकीचं वाटतं. 2023 मध्ये कोअरने 2030 पर्यंत 70 टक्के गाळ उपयोगात आणायचं जाहीर केलं, चांगलंच आहे, पण फरकाचे पैसे कोण देणार हा प्रश्न तिथेच आहे.

दुसरी भांडणं वाळूची. गाळ म्हणजे सगळा एक माल नाही. पाइपच्या तोंडाशी उभं राहिलात तर दिसतं, बहुतेक पाणीच येतं, वाळू तिथल्या तिथे ढीग करते आणि बारीक चिखल लांब वाहत जातो, म्हणून आधी मातीचा बांध घालावा लागतो, मग चिखलात चालणारे एक्स्कॅव्हेटर ढीग पसरवत बसतात. उंची ठरलेली असते, खाली बसणार हे धरून थोडी जास्त भरतात. फार भरलं तर झुडपं येतात, दलदल होत नाही, कमी भरलं तर काही वर्षांत परत पाणी. दलदलीला वाळू-चिखल मिसळ चालते, पण समुद्राकडच्या बेटांना वाळूच लागते. स्कोफील्ड बेटासाठी नदीची वाळू पस्तीसेक किलोमीटर पाइपने नेली, वाटेत जोर द्यायला बूस्टर पंप लावून. आणि नदीच्या तळातला वाळूचा पट्टा एकदा उपसला की भरायला पूर यावे लागतात, दोन प्रोजेक्टना एकाच वर्षी पुरत नाही.

तिसरा दावेदार बऱ्याच जणांना माहीतच नसतो. नदीला पाणी कमी झालं की समुद्राचं खारं पाणी तळातून वर सरकतं आणि पिण्याचं पाणी जिथून उचलतात त्या इनटेकपर्यंत पोचतं. ते अडवायला कोअर मर्टल ग्रोव्हजवळ नदीच्या तळाशी उपसलेल्या गाळाचाच आडवा बांध घालतं, 1988, 2012, 2022 मध्ये घातला आणि 2023 मध्ये तर घातलेला बांध ओलांडून पाणी आलं म्हणून आणखी उंच केला. पूर आला की तो वाहून जातो. प्यायचं पाणी आधी हे मलाही मान्य आहे, पण दोन वर्षांत दोनदा ही वेळ आली तर तेवढा गाळ आधीच हिशोबात धरायला हवा.

तुम्ही डायव्हर्जनबद्दलही विचारलंय, म्हणजे नदीचं गाळासकट पाणी दलदलीकडे वळवण्याबद्दल. मिड-बाराटारिया डायव्हर्जनचा उद्देशच हा होता की बांधात दार ठेवून नदीलाच गाळ नेऊ द्यायचा. ऑगस्ट 2023 मध्ये काम सुरू झालं, सुमारे 3 अब्ज डॉलरचं, आणि जुलै 2025 मध्ये राज्याने ते रद्द केलं. गोड्या पाण्याने कालवं मरतील, कोळंबी हलेल ही मच्छीमारांची भीती खरी होती, त्यांचं पोट त्यावर आहे, त्यांना ड्रेजिंगच हवं होतं. पण आता सगळा भार ड्रेजिंगवर आला, म्हणजे त्याच वाळूच्या पट्ट्यांवर आणि त्याच ड्रेजरवर.

थिसिससाठी विषय शोधत असाल तर बाराटारिया खोऱ्यातलं बायू ड्युपॉन्टचं काम घ्या. नदीची वाळू पाइपने नेऊन 2010 च्या सुमारास तिथे दलदल उभी केली, मग लांब पल्ल्याच्या पाइपलाइनचा मार्ग तयार केला आणि पुढच्या कामांना तोच वापरला. दर वेळी नवीन लाइन टाकायचा खर्च किती वाचला आणि नदीतला खड्डा परत किती दिवसांत भरला, या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा, कुणाला आधी गाळ द्यायचा हे त्यावरून बरंच ठरवता येतं.