मुलीच्या प्रवेशासाठी तुम्ही विचारलंत: एकाच कॉलेजात साध्या बीएस्सीची फी कमी आणि बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सची कितीतरी पट, असं का? सरकार अनुदान देतं ना?

नाशिकमध्ये कॉलेजच्या अकाउंट विभागात नोकरी केली, त्यामुळे हा प्रश्न दर जूनला खिडकीवर ऐकलाय.

अनुदान अख्ख्या कॉलेजला मिळतं असा समज आहे, गोम तिथेच आहे. ते तुकडीला आणि मंजूर पदाला मिळतं. साध्या बीएस्सीच्या प्राध्यापकाचा पगार राज्य सरकार देतं. कॉम्प्युटर सायन्सची तुकडी बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित, म्हणजे सरांचा पगार, लॅब, लाईटबिल सगळं पोरांच्या फीतून. इमारत एक, प्राचार्य एक, पण हिशेबाच्या वह्या दोन. (अनुदानित बाजूलाही सगळं आलबेल नाही. पदं रिकामी पडतात आणि तासिका तत्त्वावरच्या मास्तरांवर गाडा चालतो.)

याची मुळं जुनी आहेत. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याआधी पोरं डोनेशन भरून कर्नाटकात जायची. जागा वाढल्या हे खरं, पण शिक्षणाचा खर्च पालकाने उचलायचा ही सवयही तेव्हाच लागली. कोठारी आयोगाने शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करा म्हटलं होतं, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तोच आकडा आहे. अजून गाठायचाच आहे!

आता विनाअनुदानित बाजूला सरकार पगाराऐवजी शिष्यवृत्तीतून पैसे देतं. मला हे फारसं पटत नाही, कारण महाडीबीटीचे (सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे) पैसे उशिरा येतात आणि तोवर काही कॉलेजं पालकांकडेच तगादा लावतात. पण तुम्ही मुलीसाठी विचारताय, म्हणून एक नक्की बघा. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आधी निम्मंच होतं. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) हवा, मॅनेजमेंट कोट्याला ही माफी नाही. तेव्हा बीएस्सी कॉम्प्युटरपेक्षा इंजिनिअरिंगच स्वस्त पडण्याची शक्यता आहे. होस्टेल-मेस मात्र वेगळं धरा.

उत्पन्नाचा दाखला सेतूतून आत्ताच काढून ठेवा, निकालानंतर तिथे झुंबड असते. आणि बीएस्सीच घ्यायचं ठरलं, तर पावती फाडण्याआधी विचारा: "तुकडी अनुदानित आहे का?"