परदेशात स्वयंसेवक म्हणून काम करत कोरियन संस्कृती अनुभवायची आहे. सुरुवात कुठून करू?

पॅकेज घेऊ नका. बाकीचं सावकाश सांगते.

तुम्ही लिहिलंय की वय २३, हाताशी दोन-तीन महिने, पैसे बेताचे, कोरियन 'मालिका बघून कानावर पडलेलं तेवढंच' आणि खाणं शुद्ध शाकाहारी. वर एका एजन्सीनं दोन आठवड्यांची 'संस्कृती आणि सेवा' सहल देऊ केलीय. अशाच एका ठिकाणी मीही आगाऊ रक्कम भरून बसले होते. कार्यक्रम असा होता: सकाळी बालगृहातल्या मुलांना इंग्रजी गाणी शिकवायची, दुपारी हानबोक (पारंपरिक कोरियन पोशाख) घालून राजवाड्यात फोटो, संध्याकाळी नाचाचा क्लास. माझं जाणं रद्द झालं आणि पैसे काही परत आले नाहीत. तरी आज वाटतं, स्वस्तात सुटले. दर पंधरवड्याला बदलणारी परदेशी ताई त्या मुलांच्या काय कामाची?

पुढे एम.एस्सी.साठी दक्षिण कोरियातल्या छॉंगजू शहरात गेले, दोन वर्षं राहिले, आणि तिथे जे काही थोडंफार हातून झालं त्यावरून हे लिहितेय.

व्हिसाचं आधी बघा, बहुतेकांचे बेत तिथेच अडतात. ऑस्ट्रेलिया, फ्रान्स अशा देशांतल्या तरुणांना कोरिया 'वर्किंग हॉलिडे' व्हिसा देतो. तो आपल्याला मिळत नाही. आपल्यापुढे पर्यटक व्हिसा (जास्तीत जास्त ९० दिवस), नाहीतर भाषेच्या कोर्सचा किंवा पदवीचा. वूफ कोरिया या संस्थेमार्फत शेतावर रोज चार-सहा तास काम करायचं आणि शेतकऱ्यानं राहायला-जेवायला द्यायचं, ही पद्धत मला मनापासून आवडते. पण पर्यटक व्हिसावर 'राहणं-जेवण हाही मोबदलाच' असं इमिग्रेशनवाल्यानं म्हटलं तर तुमच्याकडे उत्तर नसेल. जेजू बेटावर चादरी बदलायच्या बदल्यात फुकट खाट देऊ करणारी गेस्ट हाऊसही भेटतील, त्या फंदात तर मुळीच पडू नका. तुमचा नेमका बेत मुंबईतल्या कोरियन वकिलातीला लिहून विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. माझा विद्यार्थी व्हिसा होता आणि केलं ते सगळं बिनपैशाचं, एकेका दिवसाचं, त्यामुळे मला अडचण आली नाही.

आता खरी गोष्ट. छॉंगजूहून बसनं तास-सव्वा तासावर ग्वेसान आहे. मिरची आणि कोबी यांसाठी प्रसिद्ध तालुका. कोबी म्हणजे आपला गोल गड्डा नव्हे, तो लांबोडका, पांढऱ्या देठांचा. नोव्हेंबरात सगळ्या देशाची किमची (कोबीचं आंबवलेलं तिखट लोणचं) घालायची घाई सुरू होते, तिला किमजांग म्हणतात. त्या दिवसांत ग्वेसानमधून मीठ लावून तयार केलेला कोबी २० किलोच्या खोक्यांत भरून शहरोशहरी जातो. आमच्या विद्यापीठातला एक गट दरवर्षी तिथल्या एका गावात जायचा. गावचं महिला मंडळ (अगदी हाच शब्द चपखल बसतो) एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी किमची घालतं, त्यांना हात हवे असतात.

पहाटे पोचलो तेव्हा पंचायतीच्या हॉलसमोर तीनशे कोबी आदल्या दिवशीच मिठात पडून होते. कोबी उभा चिरतात तो पूर्ण नाही. बुडाला सुरीनं खाच द्यायची आणि पुढे हातानं फाडायचा, म्हणजे आतल्या कोवळ्या पानांचा चुरा होत नाही. रात्रभर मिठाच्या पाण्यात मुरवायचा, मध्यरात्री कुणीतरी उठून खालचे वर करायचे. सकाळी पांढरा देठ वाकवून बघायचा: कडकन मोडला तर अजून कच्चा, रबरासारखा वळला तर झाला. मग तीन पाण्यांतून धुवायचा आणि पालथा घालून निथळत ठेवायचा. हे धुण्याचं काम मला मिळालं. पाणी इतकं गार की रबरी हातमोज्यांतूनही दहा मिनिटांत बोटं कुठे आहेत ते कळेना. माझ्या शेजारच्या हालमोनी (आजी) सत्तरीच्या पुढच्या. फुलाफुलांची ढगळ विजार, आणि ढुंगणाला इलॅस्टिकनं बांधलेली स्पंजची गोल बैठक. उठल्या की बैठकही उठायची, बसल्या की आपोआप खाली. हे यंत्र आपल्याकडे निंदणीला का आलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

मी एक कोबी धुवेपर्यंत त्यांचे चार व्हायचे. एकदा त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं, काहीतरी म्हणाल्या आणि बाकीच्या बायका खो-खो हसल्या. मैत्रिणीनं भाषांतर केलं: "ही कोबीला आंघोळ घालतेय की बाळाला?"

दुपारी मसाला. मोठ्या लाल घमेल्यात तांदळाची पेज, तिखट, लसूण, आलं, मुळ्याचा कीस, पातीचा कांदा, मोहरीची पानं आणि खारवलेली बारीक कोळंबी. म्हणजे आपला जवळाच, फक्त ओला. एकेक पान उचलून खालून वर मसाला चोळायचा आणि शेवटी सगळ्यात बाहेरच्या पानानं गड्डा गुंडाळायचा, पुरणपोळीचं तोंड बंद करतात तसं. बोलणं माझ्या डोक्यावरून जात होतं, पण विषय ओळखू येत होते: कुणाची सून, कुणाचा गुडघा, मिरचीला यंदा काय भाव. आमच्या वाड्यात उन्हाळ्यात पापड लाटायला बायका जमायच्या तेव्हा हेच चालायचं. आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे.

याला कोरियनमध्ये शब्द आहे, पुमाशी. एकानं दुसऱ्याच्या शेतात राबायचं आणि तो दिवस त्यानं परत फेडायचा. म्हणजे आपली सावड. मी आजोळी सावड बघितलीय, इर्जिकीच्या जेवणाचे किस्से ऐकलेत, म्हणून मला ते चटकन कळलं. तुम्हीही घरातल्या जुन्या माणसांना विचारून जा. 'किमजांग : किमची करणं आणि वाटणं' हे २०१३ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं. त्या नावातलं 'वाटणं' माहितीपत्रकात नजरेतून निसटतं. संध्याकाळी डबे पोचवायला गेलो तेव्हा ते दिसलं. एका आजोबांनी डबा घेतला आणि आम्हाला रिकाम्या हातानं जाऊ देईनात. शेवटी कपाटातून वाळवलेल्या पर्सिमन फळांची माळ काढून माझ्या गळ्यात घातल्यासारखी हातात दिली. दोन्ही हातांनी घ्यायची असते. मी एका हातानं घेतली, मैत्रिणीनं कोपर मारलं.

तुमच्या शाकाहाराचं ऐकून मात्र गावात गोंधळ होणार. माझाही झाला. मांस नाही म्हटलं तर मासे पुढे येतात, मासे नाही म्हटलं तर "हॅम चालेल ना?" किमचीत कोळंबी, आमटीत वाळलेल्या माशांचं पाणी. त्या दिवशी सगळ्यांना ताजी किमची आणि उकडलेलं डुकराचं मांस होतं, आणि मी भात नि तिखट चाटत बसले होते. ते पाहून मंडळाच्या अध्यक्षबाई आत गेल्या, एक कोबी बाजूला घेतला, कोळंबी नसलेला मसाला कालवला आणि माझ्यासमोर आपटला. "देवळातली," एवढंच म्हणाल्या.

देवळातली म्हणजे बौद्ध मठातली. तुमच्यासाठी ही वाट सगळ्यात सोपी आहे. 'टेम्पलस्टे' ही योजना २००२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी सुरू झाली आणि आता देशभरातल्या मठांत एक-दोन रात्री राहता येतं. पर्यटक व्हिसावर जाणाऱ्यानं पैसे भरून राहायचं असल्यामुळे व्हिसाचा घोळ नाही. जेवणात मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. मी बॉपजुसाला गेले होते, २०१८ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या सात डोंगरी मठांपैकी एक. तिथलं पाच मजली लाकडी मंदिर बघाच. भल्या पहाटे उठवतात. झाडून काढायचं, पानं गोळा करायची. मठातल्या अशा सामुदायिक कामालाही वेगळा शब्द आहे, उल्ल्योक. चार वाडग्यांचं पारंपरिक जेवण असेल तर शेवटी मुळ्याच्या लोणच्याची एक फोड राखून ठेवायची, पाणी ओतून तिनंच वाडगे पुसायचे, फोड खायची आणि ते पाणी पिऊन टाकायचं. माझ्या शेजारची जर्मन मुलगी पाण्याकडे बघतच राहिली. मला मात्र ताट धुऊन पिणारे आमचे आजोबा आठवले.

दुसऱ्या हिवाळ्यात योनतान वाहायला गेले. हे मालिकांत दिसलं असेल: दगडी कोळशाच्या भुकटीची गोल, भोकाभोकांची वीट. एक ३.६५ किलोची, भोकं २२. गॅस न पोचलेल्या चढावरच्या घरांत अजूनही काही म्हातारी माणसं यावर खोली ऊबदार ठेवतात. गल्ली एवढी अरुंद की गाडी जात नाही, म्हणून माणसांची साखळी करून विटा हातोहात वर न्यायच्या. तगडी मुलं 'चिगे' नावाची लाकडी घोडी पाठीला लावतात. हाताला लय सापडली की मजा येते, आणि एक जरी निसटली तरी सगळी साखळी थांबून तुमच्याकडे बघते.

पण इथे मला एक गोष्ट खटकली. काम संपल्यावर गटानं बॅनर उघडला. (बॅनरची हौस फक्त आपल्याकडेच असं मी समजत होते.) एकमेकांच्या नाकाला काळं फासून, मुठी वळून, 'फायटिंग!' (तिथली जोश चढवायची आरोळी) करत दहा मिनिटं फोटो चालले. ज्या आजींचं घर ते दाराशी तिष्ठत उभ्या, कारण मध्ये शिरलं तर फोटोत येईल. मीही त्या फोटोत आहे. बरीच वर्षं शाळा-कॉलेजांत सेवेचे तास मोजले जायचे, प्रमाणपत्र लागायचं, त्यामुळे सेवेला हा हजेरीपटाचा वास तिथेही आहे. कोरियन मित्रच त्याची टिंगल करतात.

आणि तरीही तीच माणसं वेळ पडली की कशी उठतात ते बघायचं असेल तर पश्चिम किनाऱ्यावरच्या तेआनला जा. ७ डिसेंबर २००७ ला तिथे किनाऱ्याजवळ तेलवाहू जहाजाला क्रेनची बार्ज धडकली आणि दहा हजार टनांहून जास्त कच्चं तेल समुद्रात गेलं. ऐन थंडीत बारा लाखांवर लोक आले आणि जुन्या कपड्यांनी किनाऱ्यावरचे दगड एकेक करून पुसले. मल्लिपोच्या किनाऱ्यावर त्याचं संग्रहालय आहे. आज तिथे पोरं पोहतात.

भाषेचं म्हणाल तर लिपी आठवड्यात येते. आज वापरात २४ अक्षरं, लिपी राजा सेजोंगनं १४४६ साली लोकांसाठी जाहीर केलेली, आणि रचना आपल्याला सोपी जाते. क्रियापद शेवटी, मोठ्यांना आदरार्थी रूप, त्यामुळे मराठी माणूस इंग्रजी माणसापेक्षा लवकर बोलायला लागतो. खाणावळीतल्या बाईला 'इमो' म्हणायचं, म्हणजे थेट 'मावशी'. भाताला 'बाप' म्हणतात, त्यावर हसून घ्या एकदाच. कुणी "बाप मॉगॉस्सॉयो?" विचारलं तर ते 'जेवलात का?' असतं, आणि आपल्यासारखंच त्याचा अर्थ बऱ्याचदा 'कसं काय' एवढाच असतो.

काम शोधायला '१३६५' नावाचं सरकारी संकेतस्थळ आहे (एक वर्ष, ३६५ दिवस सेवेचे, असा अर्थ). ते कोरियनमध्ये आहे आणि नोंदणीला तिथलं ओळखपत्र लागतं, त्यामुळे एखाद्या विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला किंवा गावच्या मंडळाला ओळखणारा माणूस गाठणं जास्त उपयोगाचं. दोन-तीन महिन्यांत सगळं कोंबू नका. ऑक्टोबरच्या शेवटी जा, पानं लाल झालेली असतात, एखादा मठ करा आणि नोव्हेंबरच्या मध्यावर कुठल्यातरी गावात किमजांगला हजर राहा.

जाड मोजे दोन जोड न्या. आणि अंगठी घरी ठेवून जा. दुपारी मसाला चोळताना हातमोजा घट्ट होतो म्हणून काढला होता, तेव्हा माझी चांदीची निसटली, ती ग्वेसानमधल्या कुणाच्या तरी किमचीच्या डब्यात गेली. अजून फोन आलेला नाही.