सायकल सल्ला: मागे ओझं, पुढचं चाक हलकं

प्रश्न : जंगलातल्या आणि तळ्याकाठच्या मोटारबंद कच्च्या वाटांवरून पाच दिवसांची सहल आखली आहे. टायर २८ मिमीचे. १५ किलो सामान मागच्या कॅरियरवर लादलं की चढाला पुढचं चाक उचलल्यासारखं होतं आणि वाळूत भरकटतं. काय करावं?

उत्तर : आधी टायर बदला. २८ मिमीच्या टायरमध्ये एवढ्या वजनाला ८० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास हवा लागते, आणि तेवढा कडक टायर खडीवर उसळतो. फ्रेम, फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि ब्रेकमध्ये जागा असेल (दोन्ही बाजूंना किमान ४ मिमी मोकळी, नाहीतर चिखल अडकतो) तर ४० मिमीचे बसवा. हवा मागे ५०, पुढे ४० पासून सुरू करा. वाळूत पाचेकने उतरवा. फार उतरवलीत तर मुळांवर रिम आपटून ट्यूबला जोडभोकं पडतील.

मग सामान. तंबू हँडलला, जड वस्तू पिशव्यांच्या तळाशी, डावं-उजवं वजन सारखं. पुढच्या फोर्कला कॅरियर बसत असेल तर ५-६ किलो तिकडे हलवा. खडबडीत वाटेवर पिशव्यांचे हूक उडतात, वरून एक पट्टा आवळाच.

स्पोक तुटतो तो बहुधा मागच्या चाकाचा, त्यातही चेनच्या बाजूचा. निघण्यापूर्वी चाकाचा आऊट (फिरताना येणारी डगमग) काढून स्पोकचा ताण सारखा करून घ्या. जादा स्पोक दोन्ही बाजूंचे घ्या; त्यांची लांबी बहुतेकदा वेगळी असते. चेनच्या बाजूचा घालायला कॅसेट (मागच्या गिअरचक्रांचा संच) काढावी लागते, तिचं हत्यार विसरलात तर जादा स्पोक नुसतं ओझं.