दारू 'सोडली' की 'सुटली'?

म्हापशाहून एका वाचकाने विचारले आहे. चर्चच्या पत्रिकेसाठी ते ओळखीच्या एका गृहस्थांची साक्ष, म्हणजे श्रद्धेने आयुष्य कसे बदलले ती हकीगत, मराठीत लिहून काढत आहेत. वाक्य असे केले आहे: 'प्रभूकडे आल्यावर त्यांनी जुन्या सवयी मागे टाकल्या, दारू सोडली आणि कात टाकली.' अर्थ पोचतो, पण कानाला काहीतरी अडते, ते काय?

'मागे टाकल्या' तर सरळ काढून टाका. मराठीत मागे टाकतात ते शर्यतीतल्या गड्याला, नाहीतर मांडवीच्या पुलावर पुढच्या बसला. सवय मोडते, जाते, सुटते; ती आपल्याबरोबर धावत नसते.

'कात टाकणे' हा जोरकस वाक्प्रचार आहे, पण हल्ली बसस्थानकेसुद्धा कात टाकू लागली आहेत. शिवाय कात टाकलेला साप नवाकोरा दिसला तरी राहतो सापच. एदेन बागेत सापाने हव्वेला भुलवल्याची बायबलातली गोष्ट ठाऊक असलेल्या वाचकांपुढे ही उपमा द्यायला मी तरी धजणार नाही. बायबलातल्या प्रेषित पौलाची उपमा कपड्यांची आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तो 'जुना मनुष्य' टाकून 'नवा मनुष्य' धारण करायला सांगतो, आणि मूळ ग्रीक क्रियापदे अंगावरचे वस्त्र उतरवण्याची नि घालण्याचीच आहेत. आपल्याला ही कल्पना परकी नाही. गीतेतल्या 'वासांसि जीर्णानि'वर ज्ञानेश्वरांनी जीर्ण वस्त्र 'सांडिजे', मग नूतन 'वेढिजे' असेच म्हटले आहे. फरक इतकाच की तिथे देह बदलतो आणि आतला तोच राहतो. पौलाकडे देह तोच, बदलतो तो आतला. (गोव्यात मात्र हे प्रकरण उपमेवर थांबले नाही. 1736 साली इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, फर्मानाने इथल्या ख्रिस्ती पुरुषांना धोतर आणि बायकांना चोळी वापरायला बंदी केली. टाकायचा होता जुना मनुष्य, टाकायला लावले धोतर!)

आता 'दारू सोडली'. व्याकरणाच्या दृष्टीने यात काहीच चूक नाही, पण खरी गंमत इथेच आहे. करेझम, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, लागला की गोव्यात कितीतरी क्रिस्तांव (ख्रिस्ती) दारू सोडतात. श्रावणात हिंदू मासळी सोडतात. परत कधी धरायची ती तारीख दोघांनाही पाठ असते. एकाची पास्कांच्या फेस्ताची, म्हणजे ईस्टरची, दुसऱ्याची चतुर्थीनंतरची. सोडणे हे हाताचे काम आहे, आणि ज्या हाताने सोडले तो पुन्हा धरूही शकतो. (उपासाचे उलटेच. तो 'सोडला' म्हणजे माणूस जेवायला बसला!)

'सुटणे' वेगळे. गाठ सुटते, ताप सुटतो, कैदी सुटतो. 'मी दारू सोडली' यात कर्ता मी. 'माझी दारू सुटली' यात कर्ता दारू, आणि मी षष्ठीत जाऊन बाजूला उभा. आमच्या वाड्यावर सुतारकाम करणारे एक काका आहेत. रंधा मारता मारता एकदा सहज म्हणाले, ''चारदा सोडली. पाचव्यांदा सुटली.'' व्याकरणाच्या पुस्तकाने सकर्मक-अकर्मकाचा भेद मला इतका नीट कधी शिकवला नव्हता. ज्याला ख्रिस्ती माणूस कृपा म्हणतो, तिला मराठीत जागा या अकर्मक क्रियापदात आहे. आणि सोडवणारा कोण हे सांगायचे असेल तर 'सोडवणे' आहेच. प्रभूच्या प्रार्थनेत 'वाइटापासून सोडव' असेच मागतात. 'वाईट सोडतो' असा शब्द तिथे कुणी देत नाही.

याचा अर्थ 'सोडणे' हलके असा नव्हे. वारकरी माळ घालतो तेव्हा मद्यमांस सोडतोच, आणि ते सोडणे जन्मभराचे असते. पण साक्ष सांगणाऱ्याला श्रेय स्वतःकडे घ्यायचे नसते, म्हणून तिथे 'सुटली' जास्त जुळते.

मी असे लिहीन: 'प्रभूकडे आल्यावर त्यांच्या जुन्या सवयी एकेक करून गेल्या, दारू सुटली, माणूसच नवा झाला.' 'धारण केला' पौलाच्या पत्रात शोभतो, पण पत्रिकेच्या पानावर जड होईल. मात्र छापण्याआधी त्या गृहस्थांना एकदा वाचून दाखवा. त्यांच्या तोंडी 'सोडली' असेल तर 'सोडली'च ठेवा. साक्ष त्यांची आहे.